मोहोळचा दगड आणि हँडब्रेकचे सात टक

तमाम सोलापूरकरांना, आणि त्यातही चढावर गाडी लावून निर्धास्तपणे चहा प्यायला जाणाऱ्यांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की आमच्या घरचा एक दगड सेवानिवृत्त झाला आहे. वजन साधारण चार किलो, वर्ण काळा, स्वभाव अबोल. मूळ गाव मोहोळ. सेवा तीस वर्षांहून अधिक. एवढ्या काळात त्याने एकदाही रजा घेतली नाही, बढती मागितली नाही, आणि नेमून दिलेल्या जागेवरून तो कधी हलला नाही. एकदा हलला, पण तो स्वतःहून नव्हे. त्याला हलवलं. त्याचीच ही हकिकत.

त्याची नेमणूक झाली तेव्हा मी हजर होते. कॉलेजात होते तेव्हा. आप्पा, म्हणजे माझे वडील, मोहोळच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि सोलापूरहून रोज जाऊन-येऊन करायचे. आमच्याकडे गोल पाठीची, दोन मालक बघून आलेली एक जुनी गाडी होती. तिचा हँडब्रेक आजच्यासारखा दोन सीटांच्या मधे नव्हता. डॅशबोर्डच्या खाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी, छत्रीची मूठ असावी तसा तो असायचा. लावायचा तर मूठ जोरात बाहेर ओढायची, सोडायचा तर पिळून आत ढकलायची. किती पिळायची हे गाडीच्या त्या दिवशीच्या मर्जीवर. आप्पा ती मूठ वर्गातल्या व्रात्य पोराचा कान धरावा तशी धरत.

त्या दिवशी मला मोहोळला कसलासा दाखला काढायचा होता म्हणून मी बरोबर गेले होते. शाळेच्या अलीकडे थोडा उतार होता. आप्पांनी तिथं गाडी थांबवली, मूठ ओढली, आणि मूठ हातात आली. तिच्यामागून वीतभर तार, एक स्प्रिंग आणि थोडासा गंज. आप्पांनी ती डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी नीट तपासली. उजवा पाय ब्रेकवर घट्ट, हातात मूठ, आवाज वर्गातला. मला म्हणाले, उतर आणि दगड आण.

मी पहिला आणला तो गोल होता. तो खिडकीतूनच नापास झाला. हा चाकाबरोबर फिरायला जाईल, असा शेरा मिळाला. दुसरा चपटा निघाला. तिसरा पाचरीसारखा होता, एकीकडे जाड, एकीकडे निमुळता. आप्पांनी मान तिरकी करून त्याचा कोन पाहिला आणि हा चालेल म्हणाले. गणिताच्या मास्तरांनी कोन पाहून निवडलेला तो दगड संध्याकाळी डिकीत बसून सोलापूरला आला तो आमचाच झाला. त्या दिवसापासून आमच्या घरात दगड विभाग सुरू झाला. गाडी थांबली की मागे बसलेल्याने आधी उतरायचं, डिकी उघडायची, दगड चाकाला लावायचा, मगच आप्पा ब्रेकवरचा पाय काढणार. या विभागात एकच कर्मचारी होती. आज मी एक्कावन्न वर्षांची आहे, कार्यालयात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, पण गाडी थांबली की माझा हात अजून आपोआप दाराकडे जातो.

ती गाडी गेली आणि अठरा वर्षांपूर्वी आत्ताची पांढरी छोटी गाडी आली. हिचा हँडब्रेक दोन सीटांच्या मधे. सरळ दांडा, टोकाला अंगठ्याने दाबायचं बटण. वर ओढताना टक, टक, टक असा आवाज. आप्पांना त्या आवाजाचं फार कौतुक. गाडी घ्यायला गेलो तेव्हा दुकानात उभ्याउभ्याच त्यांनी मोजलं. सात टकांना चाक घट्ट. तेव्हापासून सात हा आमच्या घरचा आकडा. सहा टक म्हणजे आळस, आठ टक म्हणजे केबलवर अत्याचार. दगडाला खरं तर तेव्हाच नारळ द्यायला हवा होता, पण आप्पा म्हणाले, अनुभवी आहे, राहू दे.

कुणी म्हणेल, गाडी गिअरमध्ये टाकून का नाही उभी करत? करत होतो. एकदा आप्पांनी गिअर न काढताच किल्ली फिरवली आणि गाडीने उडी मारून अंगणातल्या तुळशीवृंदावनाला धडक दिली. आईने त्याच दुपारी गिअरबंदी जाहीर केली. ती अजून उठलेली नाही.

आणि खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी गाडीची पूजा होते. आई नुसती गाडीची पूजा करून थांबत नाही. गाडीचं म्हणून जे जे सामान आहे ते सगळं पाटावर मांडते: जॅक, पाने, जादाचं चाक, आणि दगड. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. आता ज्याला कुंकू लागलं त्याला दुसऱ्या दिवशी चाकाखाली कसा घालायचा, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला. आप्पांचं म्हणणं, विळीचीही पूजा करतेस, मग काय भाजी दाताने तोडतेस का? दोन दिवस घरात वाटाघाटी चालल्या आणि तह झाला. दगड चाकाखाली जाईल, पण कुंकवाचं तोंड बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. चाकाचा स्पर्श फक्त पाठीला. आई दर वर्षी नवं कुंकू लावायची. तीस वर्षांत त्या दगडाच्या तोंडावर एवढा थर चढला की लांबून पाहिलं तर तो कुठल्यातरी शिवारातला जुना देव वाटावा. हा तह लक्षात असू द्या.

आता मूळ गोष्ट. साधारण दोन वर्षांपूर्वी टक कमी व्हायला लागले. मागे बसून माझं मोजणं चालूच असतं, सवयच ती. सहा झाले, पाच झाले, मग तीन. तीनवर येऊन स्थिर. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, केबल सैल झालीय. मेकॅनिककडे नेली, केबल बदलली. तरी तीनच. पुन्हा नेली, पुन्हा बदलली. तरी तीन. आमचा मेकॅनिक आप्पांना गुर्जी म्हणतो, आणि दख्खनीत बोलतो. दुसऱ्या वेळी आप्पा बाहेर उभे असताना तो हात पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "केबल ढिली हुई तो टक जादा लगते मॅडम. कमती नै." मी मान हलवली. मला वाटलं, हा केबलच्या दर्जाबद्दल बोलतोय. शहाणी माणसं कधी कधी किती ठोकळ्यासारखी मान हलवतात याचा तो उत्तम नमुना होता.

मग सात रस्ता चौकात ती घटना घडली. आप्पा चष्म्याच्या दुकानासमोर गाडी लावून आत गेले. बरोबर कुणी नव्हतं, म्हणजे दगड विभाग बंद. दिसायला सपाट वाटणारा तो रस्ता मुळीच सपाट नाही, हे गाडीने त्या सकाळी सिद्ध केलं. ती हळूच, शालीनपणे मागे सरकली आणि उसाच्या रसाच्या गाड्याला टेकली. एक ग्लास फुटला, बाकी काही नाही. रसवाल्याने आप्पांना बसवून रस पाजला. पण ही बातमी पुण्याला माझ्या धाकट्या भावापर्यंत पोहोचली, आणि तिथं पोहोचेपर्यंत तिचं अपघातात रूपांतर झालं होतं.

भाऊ दसऱ्यासाठी आला तो नवी गाडी घेऊन. तिच्यात हँडब्रेक दिसेना. आप्पांनी सीटांच्या मधे हात घालून चाचपलं, खाली वाकून पाहिलं. भावाने एक बटण दाखवलं, बोटाच्या पेराएवढं. ते वर उचललं की मागच्या चाकांकडून घुर्रर असा आवाज येतो, पोट बिघडल्यासारखा, आणि ब्रेक लागतो. सोडायची गरजच नाही, भाऊ अभिमानाने म्हणाला, गाडी निघाली की तिचा तिचा सुटतो. आप्पांनी ते बटण बराच वेळ पाहिलं. तर्जनीने एकदा उचललंसुद्धा. घुर्रर. मग हात मागे घेऊन म्हणाले, याला मोजायचं कसं?

खंडेनवमीला दोन्ही गाड्यांची पूजा झाली. नव्या गाडीच्या चारी चाकांपुढे लिंबं ठेवली, आई ओवाळायला ताट घेऊन उभी राहिली, आणि ओवाळायचं म्हणून भावाने आपल्या बाजूचं दार सताड उघडं ठेवलं. ओवाळून झालं. आई म्हणाली, घे आता पुढे. भावाने पाय दाबला. गाडी हलेना. टिंग टिंग टिंग. पुन्हा दाबला. टिंग टिंग टिंग. समोरच्या पडद्यावर काहीतरी लाल अक्षरांत आलं, ते भावाने चष्मा काढून वाचलं, लावून वाचलं. दार उघडं असलं आणि पट्टा लावलेला नसला तर ती गाडी ब्रेक आपणहून सोडत नाही, हे त्याला चार दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. बटणाने सोडता येतो हेही नाही. लिंबं वाट पाहत होती. शेजारचे गॅलरीत जमले होते. आप्पा आपल्या पांढऱ्या गाडीला टेकून उभे होते, आणि त्या वर्षभरात मी त्यांना इतकं सुखी पाहिलं नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, अरे दार तरी लाव, देवाचा धूर जाईल आत. दार लागलं, पट्टा लागला, आणि गाडी अशी सुटली की एक लिंबू उडून थेट फाटकापलीकडे गेलं.

त्या हसण्याखिदळण्यातच भावाने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे झाले. गाडीचा ब्रेक लागत नाही. आज रसाचा गाडा होता, उद्या माणूस असेल. गाडी विकायची आणि आप्पांनी गाडी चालवणं थांबवायचं. किल्ली मागायची ती मी, कारण मी इथे आहे आणि माझं ते ऐकतात. पुढच्या गुरुवारच्या आत. मी बरं म्हणाले. पुण्याहून येताना काहीतरी आणतो, असं कुणी सांगितल्यावर म्हणतात तसं सहज म्हणाले.

आता गुरुवार का, ते सांगते. आप्पा दर गुरुवारी आईला घेऊन स्वतः गाडी चालवत अक्कलकोटला दर्शनाला जातात. निवृत्तीनंतर एकही गुरुवार चुकला नाही. आजारी असले तरी बुधवारी बरे होतात. गाडी धुतात, हवा बघतात, आईसाठी पुढची सीट मागे सरकवून ठेवतात. बाकीचे सहा दिवस ते निवृत्त असतात, गुरुवारी ते कामावर असतात. किल्ली मागायची म्हणजे नेमका तो एक दिवस मागायचा.

त्या आठवड्यात मी एका जागी बसले नाही. घरी डब्यांच्या झाकणांची अदलाबदल केली, ती जुळेनात म्हणून पुन्हा केली. कार्यालयात एकाच अर्जावर दोनदा शिक्का मारला. तीनदा आप्पांकडे गेले. पहिल्यांदा ते वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते, म्हणून मी परत आले. दुसऱ्यांदा ते गाडीखाली मान घालून होते, आणि गाडीखालच्या माणसाकडून गाडीची किल्ली मागणं मला बरं वाटेना. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, शेंगाची चटणी. घरात चटणीचे दोन डबे भरलेले होते. तिसरा घेऊन आले.

शेवटी गुरुवार उजाडला तेव्हा मी रजा टाकली आणि म्हटलं, मीपण येते. वाटेत बोलू.

आप्पा चालवायला, आई शेजारी, मी मागे. पायाशी दगड, डिकीत जागा असतानाही, कारण उतरताना हाताशी हवा. शहराबाहेर पडेपर्यंत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा मी कान लावला. टक, टक, टक. तीन. माझा उजवा पाय मागच्या सीटवरूनच ब्रेक दाबत होता. आई मागे वळून म्हणाली, पाय काय आपटतेस, उंदीर आहे का खाली? मी पाय आवरला. मग हाताची बोटं सुरू झाली. बोलायचं वाक्य मी मनात अकरा वेळा जुळवलं. कधी ते डोळ्यांपासून सुरू व्हायचं, कधी रहदारीपासून. बाहेर ज्वारीची रानं नुकती पेरून झाली होती, तांबूस-काळी, सपाट, कुठं नजर अडकवावी असं काही नाही. आप्पा मात्र खुशीत होते. डोळे त्यांचे घारीसारखे आहेत. अर्ध्या मैलावरचा खड्डा त्यांनी आधी पाहिला, नंतर मी. हे भावाला सांगायला हवं, असं मनात आलं, आणि लगेच तीन टक आठवले.

अक्कलकोटच्या अलीकडे एका चढावर पत्र्याचं एक चहाचं हॉटेल आहे. आप्पा तिथं थांबतातच; एरवी चढ संपल्यावरच्या सपाटीवर गाडी लावून, त्या दिवशी दगड विभाग हजर म्हणून चढावरच. हॉटेलवाला त्यांच्याशी कानडीत सुरू होतो, बर्री सर, कूड्री, म्हणजे या सर, बसा, आणि आप्पा मराठीत उत्तरं देतात; दोघांचं बारा वर्षं छान चाललंय. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती गाडीतच बसते. त्या दिवशी तिच्या मांडीवर सीताफळ होतं. मी उतरले, दगड मागच्या चाकाला लावला, कुंकवाचं तोंड बाहेर. आप्पांनी दांडा ओढला. तीन टक. गाडी दगडाला हलकेच टेकली आणि थांबली.

आम्ही बाकड्यावर बसलो. चहा आला. आप्पांनी बशीत ओतला. मी बाकड्यावर सरकले, परत सरकले, पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळला, सोडला. आता नाही तर कधीच नाही, असं ठरवून म्हटलं, आप्पा, गाडीचं जरा बोलायचं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली. अजिबात आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाले, बोल की.

आणि नेमकं तेव्हा मेंढरं आली.

वीस-पंचवीस मेंढरं, चढ चढत, गाडीच्या मागून. त्यांच्यामागे एक बाई, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरं गाडीला वळसा घालून निघाली. बाई मात्र मागच्या चाकाशी थबकली. खाली वाकून तिने पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं विचारलं, "कुणाची गाडी म्हनायची ही? देवाला चाकाखाली घालत्यात व्हय?"

मी उठले. ती काय करणार हे मला कळलं, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत तिने केलंही. काठी टाकली, दोन्ही हातांनी दगड हलवून हलवून सोडवला, उचलून कपाळाला लावला, आणि चार पावलांवरच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी नेऊन नीट बसवला. पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. हात जोडले. मनोभावे केलेलं इतकं धोकादायक काम मी जन्मात पाहिलेलं नाही.

गाडीने क्षणभर विचार केला. तीन टकांनी तिला दोन श्वास धरून ठेवलं. मग कर्रर आवाज झाला आणि ती मागे निघाली. गाडीत आई. मागे उतार, उतारावर उरलेली पाच-सहा मेंढरं, आणि त्यांच्यामागे पाण्याची चांगली खोल चारी.

मी धावले. आप्पाही धावले, अठ्ठ्याहत्तरच्या वयात, एका पायात चप्पल घेऊन. अंतर असेल वीस पावलांचं, पण ते काही केल्या सरेना. काचेतून आईचं डोकं दिसत होतं. ते आधी डावीकडे वळलं, बाहेरचं झाड पुढे कसं निघालं ते बघायला. मग उजवीकडे वळलं. मग खाली वाकलं.

टक. टक. टक. टक.

धावता धावताही मी मोजले. आधीचे तीन, हे चार. सात. गाडी जागच्या जागी थिजली. चाकाखालून थोडी खडी उडाली, तेवढंच. सगळ्यात मागचं मेंढरू बंपरपासून हातभर अंतरावर उभं राहून कसला तरी पाला चघळत होतं. त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

मेंढरांच्या बाईने आम्हालाच झापलं. म्हातारीला गाडीत ठेवून च्या पिता व्हय, असं तिचं म्हणणं पडलं. मेंढरं मोजून ती निघून गेली. दगड लिंबाखालीच राहिला. तो परत उचलायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. मागे फिरून बघितलं तर चहावाल्याने तोवर त्याच्यापुढे उदबत्ती लावली होती. आता दर गुरुवारी आम्ही तिथं उतरतो तेव्हा त्याच्याभोवती काहीतरी वाढलेलं असतं. आधी नारळ, मग चुन्याचा पट्टा. मागच्या खेपेला एक घंटी दिसली.

पण हे नंतरचं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ब्रेक लागत होता. सात टकांना, पूर्ण चढावर, आईच्या एका हाताने, गाडी खिळ्यासारखी उभी होती. केबल ठणठणीत होती. दोन्ही वेळा ठणठणीतच होती. मेकॅनिक हात पुसत काय सांगत होता ते मला त्या उन्हात, दोन वर्षं उशिरा, कळलं.

आप्पा मात्र काही झालंच नाही अशा घाईने आपल्या सीटवर जाऊन बसले. चप्पल आणायलाही थांबले नाहीत. चला, उशीर झाला. किल्ली फिरवली, पाय ब्रेकवर दाबला, डावा हात दांड्यावर ठेवला आणि बटणावर अंगठा टेकवला. दांडा सुटला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजलेला होता, लिंबाएवढा. मी तो रोज पाहत असणार आणि कधीच पाहिला नव्हता. त्यांनी उजवा हात आणून डाव्यावर ठेवला, दोन्ही हातांनी दाबलं. चेहरा पांढरा पडला, पण दांडा होता तिथंच. मी त्यांच्या खिडकीशी उभी होते.

ते माझ्याकडे न बघता बोलले. ओढायला जमतं, म्हणाले. ओढायला अंगठा लागत नाही. सोडायला लागतो. जास्त टक ओढले की बटण जड होतं. दोन वर्षांपूर्वी पोस्टासमोर सात टक ओढले होते, तर सुटेना. पाऊण तास गाडीत बसून होते, शेवटी रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला हाक मारून सोडवून घेतला. तेव्हापासून एकेक कमी करत तीनवर आले. तीन सुटतात.

दोन वर्षं त्यांनी केबलवर आळ घेतला होता. गाडीला नावं ठेवली होती. त्या गाडीला, जिला ते एरवी कुणी धूळ बसलीय म्हटलं तरी रागवायचे. आणि तो दगड मी लावत होते म्हणून त्यांचं निभत होतं. मी नसले की रसाचा गाडा.

आठवडाभर जुळवलेलं वाक्य आता अगदी सोपं झालं होतं. माझे पाय मात्र जमिनीवर ठरत नव्हते. मी एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर.

आप्पांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. तिच्या साखळीला शाळेच्या निरोप समारंभात मिळालेला छोटा पितळी कंपास आहे, तो त्यांनी बोटांनी सरळ केला. मग खिडकीतून हात बाहेर काढून किल्ली माझ्यापुढे धरली.

"आठ दिवस माझ्यामागं का घुटमळतेस ते कळत नाही होय मला? घे," ते म्हणाले. "गणितात चुकलो तर मी खोडरबर मागत नाही बसत, सरळ काट मारतो."

किल्ली माझ्यापुढे होती. जी मागायला आले होते ती, न मागता. मी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. मेंढरांच्या गळ्यातली घंटा लांबून वाजत होती. पलीकडच्या सीटवर आई सीताफळाच्या बिया डाव्या तळहातात गोळा करत, हे सगळं ऐकत बसली होती. सकाळपासून गाडीत ती सगळ्यात स्वस्थ होती. तिने बिया रुमालात गुंडाळल्या, उजवा हात पदराला पुसला, दांडा जरासा वर उचलला आणि अंगठ्याने बटण दाबलं. तोच अंगठा, रोज ज्वारीच्या भाकरी थापणारा. दांडा लोण्यासारखा खाली बसला. आप्पांचा पाय ब्रेकवर होता म्हणून बरं. तिने तो पुन्हा ओढला, सात, आणि पुन्हा सोडला. दोनदा. कुकरची शिटी नीट बसते का बघावं तसं. मग आप्पांच्या बाहेर गेलेल्या हाताकडे बघून ती जे बोलली ते चहाच्या हॉटेलापर्यंत ऐकू गेलं:

"अहो, किल्ली कुठं वाटत सुटलाय? तुम्ही रस्ता बघा, हा दांडा माझ्याकडे राहू दे. अठरा वर्षं माझ्याच मांडीला टोचतोय की मेला, पण एकदा तरी म्हणालात का, तू ओढतेस का म्हणून?"